खापरचा सुतारवर्ग

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं ते मी केव्हाच ओलांडलंय. आता मी तुमच्याहून म्हातारा आहे. तरी तुम्हाला लिहायचं म्हटल्यावर पाठ आपोआप ताठ झाली, कारण पोक काढून बसलेला पोरगा तुम्हाला खपायचा नाही. शाळेचं मराठी मला तुमच्याच वर्गात नीट आलं, म्हणून तेच वापरतो. माझ्या घरच्या बोलीत तुमच्याशी बोलायची सवय नव्हती आणि तुमची अहिराणी मला बोलता येते, कागदावर मात्र तुमच्या घरचे कानात राहिलेले बोल तेवढे उतरतात.

खापरच्या बाजारामागची ती पत्र्याची शेड आठवते. सागाचा भुसा, सरसाचा वास, आणि उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की रंध्याचं पातं हाताला चटका द्यायचं. सरकारनं सुतारकामाचा वर्ग नुकताच काढला होता. डोंगरातल्या पोरांच्या हाताला कसब आलं तर ती मजुरीला बाहेर जायची थांबतील, असं कुणीतरी वर ठरवलं होतं. आमच्या घराला तोवर एकच रीत ठाऊक होती. दिवाळी झाली की दाराला काटेरी फांदी लावायची, कोंबड्या म्हातारीकडे सोपवायच्या आणि सगळ्यांनी मिळून गुजरातेत उतरायचं. कधी कपाशी वेचायला, कधी भुईमूग काढायला, पुढं साखरेचे कारखाने निघाले तेव्हा ऊस तोडायला. होळीला परत यायचं. मी चालायला लागलो तेही तिकडच्या एका फडावर, असं आई सांगायची.

तुम्ही तळोद्याच्या साहेबांच्या जीपमधून आमच्या पाड्यावर आलात तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. साहेब जीपमध्येच बसून राहिले. तुम्ही खाली उतरलात, पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत खोचलंत आणि माझ्या बापासमोर उकिडवे बसलात. बापानं विचारलं, लाकूड शिकून हा खाईल काय? तुम्ही बाजारातल्या माणसासारखं अहिराणीत म्हणालात, "जे तू खास तेच खाई. पन घर सोडीसन जावानं काम नही पडाव." बापानं माझ्याकडे न बघताच हात हलवला, जा म्हणून.

तुम्ही तापीकाठच्या गुजर घरातले. कळसाडीच्या बाजूला तुमच्या भावांची कपाशी होती, केळी होती. घरचं सगळं असताना तुम्ही बडोद्याला जाऊन सुतारकाम शिकलात म्हणून गावात तुमची चेष्टा व्हायची, हे तुम्हीच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. वर्गात माझ्याबरोबर शिकणारा माझा मामेभाऊ तेव्हा विचारायचा, मग शिकलात कशाला? तुम्ही म्हणायचे की केळीचं झाड दरसाल नवं लावावं लागतं, आणि तुम्ही लहान असताना एका सुतारानं लावून दिलेलं दार अजून घराला आहे. एवढंच कारण.

मामेभाऊ नाल्यापलीकडच्या गावचा. नाला कसला, उन्हाळ्यात तो पायही न भिजवता ओलांडता यायचा. माझ्या आईचं माहेर तिकडे, त्यामुळे दोन्ही गावं मला सारखीच. त्याला तुम्ही 'पल्याडना' म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. माझ्यापेक्षा वर्षाभरानं मोठा असेल. बोलायला कमी, पण लाकडाला हात लावला की त्याचा चेहराच बदलायचा. मी उतावळा होतो. एकदा मी स्टूल केलं, पायाच्या सांध्यात फट राहिली ती पाचर ठोकून बुजवली आणि वरून सरस आणि भुसा भरून घासून टाकली. तुम्ही ते उचललंत, उन्हाकडे धरलंत, आणि हातोडीनं सांधा मोकळा केलात. सगळी पोरं बघत होती. "लोकेसले फसाडशी रे," तुम्ही म्हणालात, "बठनार पडना मंग?" त्या दिवशी मला वर्ग सोडून पळून जावंसं वाटलं होतं. संध्याकाळी तुम्हीच मला हाक मारून शेजारी बसवलंत आणि तो सांधा माझ्याकडून पुन्हा करून घेतलात. "घाई करू नको. लाकूड कोठे पयी जास नही." तुमचा राग तेवढाच असायचा, स्टूल पुन्हा उभं राहीपर्यंत.

तुमच्या घरी काकींचं स्वयंपाकघर मला आधी फक्त बाहेरून माहीत होतं. मी आणि मामेभाऊ तुमच्याकडे जेवायला थांबलो तर आमची ताटं ओट्यावर असायची, वेगळी ठेवलेली, आणि आम्हीच ती धुऊन उलटी घालून ठेवायचो. त्यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं, तेव्हा तसंच होतं. मग एका उन्हाळ्यात वावटळ उठली. बाजारातला सगळा कचरा आणि धूळ ओट्यावर आली, आणि आम्ही दोघं ताटावर वाकून, पाठ वाऱ्याकडे करून जेवत राहिलो. काकी दारात आल्या. धुळीनं भरलेली आमची ताटं त्यांनी पाहिली. मग एकदम ओरडल्या, "धूय खातस का भाकर? मझार या!" आम्ही उंबऱ्यापाशी थबकलो. त्यांनी मामेभावाच्या हातातलं ताट घेतलं आणि चुलीजवळ नेऊन ठेवलं. कळण्याची भाकर, डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी. मी पहिल्यांदाच बघत होतो की काकी भाकर तव्यावरून काढून विस्तवाकडे कशी उभी धरतात. त्यानंतर आमची ताटं कधी बाहेर आली नाहीत. तुमच्याकडे गावाहून माणसं यायची, बघायची, काकींशी कमी बोलून परत जायची. काकींनी त्याबद्दल आम्हाला एक अक्षर कधी सांगितलं नाही.

मग महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. खापरच्या बाजारात पेढे वाटले गेले. आम्हीही खाल्ले. मामेभाऊ पेढा खाऊन नाला ओलांडून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला, तेव्हा तो दुसऱ्या राज्यातून आला होता. हे आम्हाला कळायला थोडे दिवस लागले. वरून हुकूम आला की पलीकडच्या पोरांचं विद्यावेतन बंद, परीक्षेलाही त्यांना बसता येणार नाही. पलीकडची बाकीची पोरं एकेक करून गेली. मामेभाऊही हत्यारं पुसून, तेल लावून, फळीवर मांडून तुमच्या पाया पडायला आला. तुम्ही रंधा मारत होतात. मान वर न करता म्हणालात, "कोठे जाई ऱ्हायना?" तो म्हणाला, घरी. "ऊस तोडाले?" तुम्ही रंधा थांबवलात. "चौकट अर्धी शे तुन्ही. ती कोन पुरी करी?"

तो तुमच्या घरी राहायला आला. तुमच्याच पंगतीला जेवला, तुमच्याच ओसरीत झोपला आणि हजेरीत नाव नसताना रोज सगळ्यांच्या आधी शेडमध्ये हजर राहिला. आणि तुम्ही फेऱ्या सुरू केल्यात. आधी तळोद्याला, मग धुळ्याला, मग पलीकडे गुजरातेत, एसटीनं, मालट्रकनं, कधी नुसतं पायी. इकडचे म्हणायचे पोरगा आमचा नाही, तिकडचे म्हणायचे शिक्षण आमचं नाही. पलीकडे एका नदीवर मोठा पूल बांधायला काढला होता. सिमेंट ओतायला फळ्यांचे साचे करावे लागतात, त्यासाठी सुतार हवे होते, आणि तिथं दोन्हीकडच्या पोरांना सुतार म्हणून घ्यावं, हमाल म्हणून नाही, हे तुमचं मागणं होतं. तुम्ही दमून परत यायचे, काकी पाय धुवायला पाणी द्यायच्या आणि विचारायच्या नाहीत. चेहऱ्यावरूनच त्यांना कळायचं.

शेवटी दोन्हीकडचे साहेब एकाच दिवशी खापरला यायला तयार झाले. बाजाराचा दिवस होता. आम्हा सगळ्यांना सागाचा एकेक तुकडा दिला आणि चौकटीचा सांधा करायला सांगितला. मी उभा आहे, घाम कानामागून उतरतोय, शेजारी मामेभाऊ पटाशीनं खाच पाडतोय आणि त्याच्या ओठांवर बारीक हसू आहे. गुजरातचे साहेब त्याच्यासमोर येऊन थांबले. "आ छोकरो क्यांनो छे?" त्यानं गावाचं नाव सांगितलं. साहेब खूश होऊन वळले, "अरे, आ तो अमारो छे!" तळोद्याचे साहेबही हसत म्हणाले, "तुमचा कसा? शिकलाय आमच्याकडे." दोघंही थट्टेत होते, पण तुम्हाला ते सोसवलं नाही. साहेबांपुढे तुम्ही नेहमी शुद्ध मराठी बोलायचात, त्या दिवशी मात्र तुमची अहिराणी निसटली. "साहेब, पोऱ्या कोना शे ते मंग ठरावा. आते त्याले काम कोन देस ते सांगा." मग गुजरातच्या साहेबांनी मामेभावाच्या हातातली चौकट घेतली, चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, काम आम्ही देऊ. दुसरे म्हणाले, मग दाखला आम्ही देतो. काकींनी सगळ्यांना चहा केला. दोन राज्यांचे साहेब एका बाकड्यावर बसून बशीतून चहा पीत होते आणि तुम्ही कोपऱ्यात उभे राहून उपरण्यानं डोळे पुसत होतात. भुसा गेला डोळ्यात, असं तुम्ही आम्हाला सांगितलंत.

पुलावर आम्हाला सुतार म्हणूनच घेतलं. ही गोष्ट लहान नव्हती, गुरुजी. आमच्या पाड्यांवरची माणसं त्याच कामावर डोक्यावर पाट्या वाहत होती आणि आम्ही वर मचाणावर, कानामागे पेन्सिल अडकवून. तुम्ही आम्हाला बघायला आलात एकदा. साच्यांवरून हात फिरवलात, मिस्तरीशी बोललात, मजुरी वेळेवर मिळते का विचारलंत. मामेभावानं तुम्हाला पुलाच्या टोकापर्यंत नेलं आणि खालचं पात्र दाखवलं. आम्ही राहायचो त्या पाचटाच्या झोपड्यांमध्ये तुम्ही आमच्याबरोबर जेवलात. नदीकाठी खड्डा खणून आम्ही पाणी घ्यायचो, त्याच पाण्याचा तांब्या तुम्ही तोंडाला लावलात. वरच्या अंगाला सगळी छावणी परसाकडला जायची. तुम्हाला ते दिसलं नाही, आम्हालाही दिसलं नाही. कामाचं, दाखल्याचं, मजुरीचं सगळं ठरलं होतं. माणूस तिथं राहणार कसा, हे मात्र इतक्या बोलण्यांत कुणी काढलंच नव्हतं.

त्याला ताप आला तेव्हा थंडी संपत आली होती. आम्ही म्हटलं, हिवताप असेल. कामावरच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या. ताप उतरेना. तो मचाणावर येतच राहिला, साचा अर्धा टाकायचा नाही म्हणून. एक दिवस वर चढताना शिडीवरच बसला आणि मला म्हणाला, मला गुरुजींकडे ने. घरी नाही म्हणाला, गुरुजींकडे. खापरकडे जाणारा लाकडाचा ट्रक मिळाला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओंडक्यांवर बसलो. वाटेत तो भर उन्हात कुडकुडत होता आणि मला विचारत होता, नाला आला का? नाला आला तेव्हा मी सांगितलं, पण त्याला ते समजलं नाही.

तुम्ही त्याला शेडमध्येच, खिडकीजवळ झोपवलंत, तिथं वारा येतो म्हणून. काकी उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवत होत्या. अक्कलकुव्याहून डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, तुम्हाला बाहेर बोलावलं आणि मुदतीचा ताप आतड्यात उतरलाय, फार उशीर झाला, असं काहीतरी म्हणाले. मी दारातच होतो. तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, "उशीर म्हणजे केव्हापासून?" दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. तेव्हा काकींनी त्याच्या तोंडात पाणी घातलं होतं, ते गालावरून खाली आलं.

मामी नाला ओलांडून आली. ती रडली, आमच्याकडे रडतात तशी, गाऊन, त्याच्या लहानपणापासूनचं सगळं सांगत. मग शांत झाली आणि तुम्हाला म्हणाली, यानं काय केलं ते दाखवा. तुम्ही तिला शेडच्या मागच्या बाजूला नेलंत. परीक्षेनंतर त्यानं एक दार केलं होतं, तुकड्यातुकड्यांच्या सागाचं. मामीनं त्यावर तळहात ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा. आम्हाला नेता येईल का, असं तिनं विचारलं. तिच्या घराला कुडाच्या भिंती, दाराच्या जागी तट्टी. ते दार तिथं लागणार कशाला? तरी दाराचं एक टोक तुम्ही धरलंत, दुसरं मी.

निघताना मामी तुमच्याकडे वळून बोलली. ती आमच्या बोलीत बोलली आणि मी तुम्हाला मराठीत सांगितलं, कारण तुम्ही माझ्याकडे बघत होतात. ती म्हणाली, ऊस तोडायला आम्ही सगळे मिळून जातो, गुरुजी. पोर आजारी पडलं तर जवळ आई असते, चूल असते. हा एकटा गेला. तिच्या आवाजात राग नव्हता. मी त्याच्याजवळ होतो, मीही जिवंत समोर उभा होतो, तरी ती एकटाच म्हणाली. मी तेही जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही मान खाली घातलीत आणि दार उचललंत.

तुम्ही ते वर्ष पुरं केलंत. पोरांची परीक्षा झाली आणि तुम्ही नोकरीतून मोकळं करून मागितलंत. काकींनी भांडी पोत्यात बांधली. तुमच्या जागी दुसरे आले, त्यांचं मन लागलं नाही, आणि थोड्या काळानं शेडमध्ये कुणाचं तरी धान्य भरलं गेलं. मी पुलावर परत गेलो होतो. तिकडे आम्ही सगळ्या सुतारांनी, इकडच्या आणि पलीकडच्याही, मिस्तरीपुढे हत्यारं खाली ठेवली. विहीर खोदल्याशिवाय साचा बांधणार नाही म्हणालो. तो चिडला, मग त्याचाही चुलतभाऊ तापानं पडला, आणि विहीर झाली.

तुम्हाला भेटायला मी तुमच्या गावी आलो तो दिवस सांगतो, कारण तुम्ही तो विसरला असाल. तुम्ही केळीच्या बागेत पाणी धरत होतात. खूप वाळला होतात. मला बघून तुम्हाला आनंद झाला, केळीचा एक फणा हातात दिलात, पण लाकडाचं काहीच विचारलं नाहीत. मी पुलाची गोष्ट काढली की तुम्ही केळीवर बोलायचे. घरात काकींनी मला चुलीजवळ बसवून वाढलं आणि हळूच म्हणाल्या, "ते आते रंधाले हात बी लावतस नही." भिंतीशी एक मोडका पाट पडला होता. सुताराच्या घरात मोडका पाट. मला तो नीट करावासा वाटला, पण हत्यार मागायला धीर झाला नाही. तुम्ही मला फाट्यापर्यंत सोडायला आलात. एसटी दिसली तेव्हा कुठं तुम्ही विचारलंत, "तठे पानी कसं शे आते?" मी सांगितलं, विहीर झाली, पाणी उकळून पितात, नंतर तिथं तापानं कुणी गेलं नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, कुणीच नाही? मी म्हटलं, कुणीच नाही. तुम्ही मान हलवलीत आणि एसटी थांबायच्या आधीच परत फिरलात. तुमची पाठ मी खिडकीतून बराच वेळ बघत होतो.

तुम्ही गेल्याचं मला महिन्याभरानं कळलं. मी तेव्हा पलीकडेच होतो, दुसऱ्या एका कामावर. मी कुणाला काही न सांगता दिवसभर काम केलं. संध्याकाळी पोरांनी विचारलं, मिस्तरी, आज बोलत का नाही? मी म्हणालो, दात दुखतोय.

पुढं मी पुष्कळ पोरांना शिकवलं, इकडची आणि तिकडची. कुठं पाठवायचं झालं तर आधी मी स्वतः जाऊन बघून यायचो, कुठं झोपणार, पाणी कुठलं, दवाखाना किती लांब. लोक म्हणायचे हा सुतार आहे की वधूपिता. आता खापरवरून पिकअप भरभरून माणसं सीमेपलीकडे जातात आणि आम्ही दिवाळीनंतर लावायचो तशी फांदी अजून कितीतरी दारांना लागते. तेव्हा वाटलं होतं, एक पिढी शिकली की हे थांबेल. थांबलं नाही, गुरुजी. हे तुम्हाला सांगावं की नाही, यावर बरेच दिवस अडलो होतो.

मागच्या महिन्यात तळोद्याला पोरांचं कसलंसं प्रशिक्षण होतं. सगळ्यांना एका रंगाचे शर्ट दिलेले. जुना कारागीर म्हणून मला बोलायला बोलावलं होतं. मी रंधा कसा धरायचा ते दाखवलं, पाण्याचंही सांगितलं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, बाबा, तुम्हाला कुणी शिकवलं? मी तुमचं सांगितलं. जीप, उकिडवं बसणं, दोन साहेब, सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग ते गुरुजी पुढं काय करायचे? मी म्हणालो, शिकवायचे, शेवटच्या दिवसापर्यंत वर्ग चालवला त्यांनी.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. मी खोटं बोललो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण ती पोरगी पुन्हा भेटली आणि तिनं पुन्हा विचारलं, तर गुरुजी, मी पुन्हा तेच सांगणार आहे.